मागच्या सीटखालची गुणगुण

"बंद पडली ते बरंच झालं होतं. आता हिला कुणी सांगितलंय ती चालू करायला?"

हे सासूबाई बोलल्या तेव्हा त्या गाडीच्या उघड्या दारापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या, आणि मी गाडीच्या आत, मागची सीट जिथे असते तिथे, डोकं खाली आणि उरलेली मी वर, अशा अवस्थेत होते. डोकं खाली गेलं की माणसाचे कानही बंद होतात अशी त्यांची समजूत असावी. ऐकायला शेजारचे ऑडिटर होते. ते निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण अजून कुणाच्याही बोलण्यावर नुसतं "हं" म्हणतात. त्या "हं"चा अर्थ पुढे कधी त्यांच्या अंगाशी येऊ शकत नाही.

मी उलट बोलले असते, पण तोंडात दोन स्क्रू धरलेले होते. घरातल्या प्रत्येकाने दिवसातून तासभर तोंडात दोन स्क्रू धरावेत, निम्मी भांडणं होणारच नाहीत, असं माझं त्या दिवसापासून मत झालं आहे.

गाडी अप्पांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. वय बावीस. अप्पांचं एक्क्याऐंशी. दोघांची तब्येत कालपरवापर्यंत सारखीच होती, म्हणजे सकाळी उठताना थोडी कुरकुर आणि एकदा सुरू झाल्यावर कुणाचं न ऐकणं. चावी फिरवली की आधी मागच्या सीटखालून दोन क्षण बारीक गुणगुण यायची, आणि मग इंजिन चालू व्हायचं. ती गुणगुण म्हणजे फ्युएल पंप, तो टाकीतलं पेट्रोल पुढे ढकलतो, हे मला अप्पांनीच सांगितलं होतं. ते गुणगुण पूर्ण ऐकायचे, मान हलवायचे आणि मगच चावी पुढे फिरवायचे. एखाद्याने गाणं ऐकून दाद द्यावी तसं.

एका सकाळी चावी फिरली आणि मागून काहीच ऐकू आलं नाही. इंजिन नुसतं घरघरलं. अप्पांनी चावी काढली, माझ्या हातात दिली, आत जाऊन खुर्चीत बसले, आणि तिथून फारसे उठलेच नाहीत.

आता इथे खरं म्हणजे घरात हळहळ व्हायला हवी होती. झाली ती अशी: सासूबाईंनी दुपारी चांगली दोन तास झोप काढली, जी त्यांना वर्षभर लागत नव्हती. आमचे हे ऑफिसातून आले, गाडी बंद पडल्याचं ऐकलं, "अरेरे" म्हणाले, आणि बूट काढताना शीळ घालत होते.

याचं कारण सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. आमच्या घराची ती रीत आहे. अप्रिय गोष्ट आम्ही माणसाला सांगत नाही, आजूबाजूच्या वस्तूंवर ढकलतो. वर्षभरापूर्वी गाडी आत घेताना अप्पांनी फाटकाच्या डाव्या खांबाला घासली. सगळे म्हणाले, खांबच जरा बाहेर आलाय. पंधरा दिवसांनी पुन्हा घासली. तेव्हा यांनी गवंडी बोलावला. खांब आपण होऊन सरकत नसतो, असं तो गवंडी बिचारा समजावून सांगत होता, तर यांनी त्याला बाजूला नेऊन चहा पाजला. दोन दिवसांत खांब हातभर डावीकडे गेला. तिसऱ्या दिवशी अप्पांनी गाडी उजव्या खांबाला घासली.

वर्तमानपत्रात आता वाचण्यासारखं काही उरलं नाही म्हणून अप्पांनी ते बंद केलं. नवा नंबर आल्यापासून चष्म्याची गरजच भासत नाही म्हणून चष्मा घालणं बंद केलं. चष्म्याची डबी मात्र शर्टाच्या खिशात कायम. मधूनमधून वरून चाचपायचे. आम्ही त्यावर हसायचो सुद्धा.

आणि गाडी बंद पडली त्याच्या आदल्या दिवशी एक बाई हातात पिशव्या घेऊन अप्पांच्या गाडीमागोमाग आमच्या फाटकापर्यंत आल्या होत्या. फार संतापलेल्या होत्या आणि गाडी थोडक्यात अंगावर आली असती असं पुन्हा पुन्हा सांगत होत्या. सासूबाईंनी त्यांना पाणी दिलं, बसवलं, आणि निरोप दिला. मग आम्ही सगळ्यांनी एकमताने ठरवलं की हल्ली लोक रस्त्याच्या मधूनच चालतात. अप्पा त्या संध्याकाळी बराच वेळ बंद गाडीत बसून होते. सासूबाई म्हणाल्या, रेडिओ ऐकत असतील. गाडीतला रेडिओ अकरा वर्षांपूर्वी चोरीला गेला आहे.

तेव्हा गाडी मेली हे एका परीने सगळ्यांचंच काम झालं होतं. कुणाला काही बोलावं लागलं नाही. मलाही पटत होतं. पण आठवडा गेला आणि माझ्या लक्षात आलं की गाडीबरोबर अप्पाही बंद पडले आहेत. जेवायला बोलावलं की येत, विचारलं की "ठीक" म्हणत. पूर्वी कुकरची शिट्टी बिघडली तरी कानावर घेऊन निदान करणारा माणूस आता दारावरची घंटा वाजली तरी मान वळवत नव्हता. एक दिवस मी मुद्दाम मिक्सर बिघडवून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो बाजूला सरकवला.

मी ठरवलं, गाडी चालू करायची. पुढचं पुढे.

मला शिकवलं कुणी नाही. इस्त्री, मिक्सर, गळका नळ, शिवणयंत्र, पाण्याची मोटर, हे सगळं मी उघडून बघत शिकले. दोनदा शॉक बसला, एकदा पापणी भाजली, पण उघडलेली वस्तू मी कधी तशीच परत बंद केली नाही. याला घरात माझा हट्टीपणा म्हणतात. मी त्याला शिक्षण म्हणते, कारण दुसरं काही म्हणण्यासारखं माझ्याकडे नाही.

आधी मेकॅनिकला फोन केला. हा मनुष्य गाडीला वीस वर्षं ओळखतो. तो म्हणाला, फोन मागच्या सीटवर ठेवा आणि चावी फिरवा. मी फिरवली. तो म्हणाला, गेला पंप. गाडी न बघता, नाडी न धरता, फोनवरून. बसवून द्यायला कधी येता विचारलं तर म्हणाला, तीन महिने मान वर करायला फुरसत नाही. मी त्याच्या गॅरेजवरून गेले तेव्हा तो स्टुलावर बसून नखं कापत होता. मान वर केली नाही, हे खरं.

मग मी फोनवर व्हिडिओ बघायला लागले. त्यात एका माणसाचे फक्त हात दिसत. ते हात फार नीटनेटके होते. जिथे काम अवघड तिथे चित्र पटकन पुढे सरके आणि तो म्हणे, हे निघालं. कसं निघालं ते त्याला आणि देवाला ठाऊक. तरी अकरा वेळा बघून मी एक वही केली. त्यात पहिलं लिहिलं: बॅटरीची वायर काढणे. दुसरं: ठिणगी नको. तिसरं: घरच्यांना सांगू नये. तिसरं कलम पहिल्याच तासात मोडलं, कारण मागची सीट मी काढली आणि ठेवायला जागा नाही म्हणून बैठकीच्या खोलीत नेऊन ठेवली.

ऑडिटर लगेच आले आणि त्या सीटवरच बसले. त्यांनी बरेच सल्ले दिले. त्यातला मुख्य असा, की काही करू नये.

सीटखालचं झाकण काढलं. आत पंपाची तोटी आणि तिला जाणारी वायर दिसली. वहीत होतं की वायरपर्यंत वीज येते का ते आधी छोट्या दिव्याने बघावं. तेवढ्यापुरती बॅटरी पुन्हा जोडली, चावी फिरवली आणि जुन्या टॉर्चमधला दिवा लावून बघितला. लागला नाही.

आता कुणीही शहाणा माणूस इथे थांबून म्हणाला असता की मग दोष पंपात नाही, वीजच येत नाहीये. मी काय म्हणाले, तर दिवा गेलेला दिसतो. मेकॅनिकने पंप गेला म्हणून सांगितलं होतं, आणि मेकॅनिक वीस वर्षांचा अनुभवी होता, दिवा काय, दोन रुपयांचा. ऑडिटरांनी दिवा हातात घेऊन उजेडाकडे धरला आणि तो बराच जुना असल्याचं प्रमाणपत्र दिलं.

शास्त्र म्हणून मी स्टिअरिंगखालची फ्यूजची पेटीही उघडून बघितली. एक छोटी खाच रिकामी होती आणि तिच्या शेजारचं एक चौकोनी घर रिकामं होतं. झाकणावरचा नकाशा बावीस वर्षांत पुसून गेलेला. कंपन्या अशा जागा मोकळ्या ठेवतात, ऑडिटर म्हणाले, भविष्यातली तरतूद. मला ते इतकं भारदस्त वाटलं की मी पेटी बंद केली.

पंप आणायला कंपनीच्या डेपोत गेले. तिथे जुन्या मॉडेलच्या सुट्या भागांची खिडकी वेगळी आहे. ती आठवड्यातून दोन दिवस उघडते आणि ते दोन दिवस दर महिन्याला बदलतात. तिसऱ्या खेपेला खिडकी आणि कारकून दोन्ही एकदम सापडले. त्याने फॉर्म दिला. वीस वर्षांवरच्या गाडीचा इंधनाचा भाग हवा असेल तर मूळ मालकाने समक्ष येऊन चौकटीत सही करायची. मी म्हटलं, मालक एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. तो म्हणाला, म्हणूनच समक्ष, बऱ्याच गाड्यांचे मालक नसतातच.

अप्पांना नेलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा बाहेर पडले. रिक्षात ते डोळे मिटून बसले आणि वाटेत प्रत्येक गाडीच्या आवाजावरून तिचं काय दुखतंय ते मला सांगत गेले. मला फार बरं वाटलं. रिक्षावाल्यालाही सांगितलं की तुझी क्लचची वायर आठवडा काढेल. त्याला बरं वाटलं नाही.

खिडकीपाशी अप्पांनी ऐटीत पेन घेतलं आणि सही केली. ती चौकटीच्या दोन बोटं वर, कंपनीच्या नावावर झाली. कारकुनाने दुसरा फॉर्म दिला. या वेळी चौकटीतून सुरू होऊन टेबलावर संपली. कारकून अप्पांच्या तोंडाकडे बघायला लागला. म्हणाला, "आजोबांना दि..."

"पेन बदला," मी म्हटलं. "शाई नीट येत नाही यात."

शाई धो धो येत होती. पण ते वाक्य मी त्याच्या तोंडातून बाहेर पडू दिलं नाही. तिसऱ्या फॉर्मवर मी चौकटीच्या कडेला माझं बोट ठेवलं आणि अप्पांचा हात सहज धरावा तसा धरून बोटाला टेकवला. सही चौकटीत झाली. थोडी माझ्या नखावरही झाली. परत येताना अप्पा म्हणाले, टेबल डुगडुगत होतं. मी म्हटलं, फारच. ते टेबल सिमेंटचं होतं.

तेव्हा इतरांना हसायला मला तोंड नाही, एवढंच सांगायचं.

आठवड्याभराने पंप आला. तोवर मी टाकीवरची कडी काढायच्या मागे लागले होते. ही कडी म्हणजे पंपाला टाकीत धरून ठेवणारी मोठी चकती, बरणीच्या झाकणासारखी फिरवून काढायची. व्हिडिओतल्या हातांनी ती दोन टोल्यांत काढली होती. मला चार दिवस लागले. लोखंडाने ठोकलं तर ठिणगीची भीती, म्हणून मोडक्या खुर्चीचा पाय घेतला. पहिल्या दिवशी गंजावर तेल सोडलं. दुसऱ्या दिवशी खुर्चीचा पाय मोडला. तिसऱ्या दिवशी मी दुसऱ्या खुर्चीकडे बघायला लागले तेव्हा सासूबाई त्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत.

चौथ्या दिवशी अप्पा आपण होऊन बाहेर आले. वेताचा मोडा घेऊन गाडीच्या दारापाशी बसले. म्हणाले, हात दे इकडे. माझी बोटं त्यांनी चकतीवर फिरवली आणि दाखवलं की तिला तीन दात आहेत, त्यातला एकच अडकलाय, सगळ्यांना कशाला मारतेस. त्या एका दातावर मी लाकडाचा तुकडा ठेवून तीन टोले दिले. चकती फिरली. अप्पांनी "हां" म्हटलं. ऑडिटरांच्या "हं"मध्ये आणि अप्पांच्या "हां"मध्ये किती फरक आहे ते मला त्या क्षणी कळलं.

त्यानंतर अप्पा रोज यायला लागले. टॉर्च धरायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. टॉर्चचा उजेड माझ्या कामापासून वीतभर डावीकडे पडायचा. मी जे जे सरकवता येईल ते वीतभर डावीकडे सरकवून केलं. टाकी सरकत नाही, म्हणून तिथे मात्र अंधारातच केलं. अंधारात हाताला पुष्कळ कळतं, आणि मला शिकवायला उत्तम गुरू होता. जुनी रबरी रिंग काढून नवी बसवली तर अप्पांनी नुसतं बोट फिरवून सांगितलं की एका जागी दुमडली आहे. माझे दोन डोळे आणि चष्मा तिथेच होते. आम्हाला दिसलं नव्हतं.

टाकी उघडली तेव्हा एक गोष्ट विचित्र वाटली. काटा अर्धी टाकी दाखवत होता आणि तळाला पेट्रोल जेमतेम वाटीभर. ऑडिटर म्हणाले, उडून गेलं असेल. सासूबाई घाईने म्हणाल्या, हो, उन्हं फार आहेत. काटा अडकला असेल असं म्हणून मी ते सोडून दिलं. एव्हाना गोष्टी सोडून देण्यात माझा हात चांगला बसला होता.

घरभर पेट्रोलचा वास. यांना ऑफिसातल्या बैठकीत दाराजवळ बसवलं आणि कुणी सिगारेट काढली की लोक यांच्याकडे बघत. हे दर संध्याकाळी येऊन विचारत, अजून नाही ना झालं? त्या "ना"मध्ये इतकी आशा होती की मला रागच येई.

आलेला पंप चुकीचा निघाला. नंतरच्या मॉडेलचा, बोटभर उंच. बसवला तर कडी लागेना. पुन्हा डेपो, पुन्हा खिडकी, परतीचा फॉर्म, चौकट, माझं नख. कारकून आता आम्हाला ओळखायला लागला होता. या वेळी त्याने स्वतःच पेन बदलून दिलं. माणूस चांगला होता, सवय लागायचा अवकाश होता.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी, रविवारी सकाळी, सगळं बसलं. पंप आत, रिंग सपाट, कडी घट्ट, वायर जागेवर, बॅटरी जोडलेली. यांना पत्र्याच्या डब्यातून पेट्रोल आणायला पाठवलं होतं. ते निम्मंच आणणार हे धरून मी पाच लिटर सांगितलं होतं, त्यांनी अडीच आणलं. टाकीत ओतलं. मी हात धुतले, केस नीट केले, आणि पुढे जाऊन बसले. मला गाडी चालवता येत नाही. चावी फिरवता येते. सगळे बाहेर येऊन उभे राहिले. सासूबाई पदराचं टोक पिळत होत्या. ऑडिटर जरा लांब, स्फोट झाला तर साक्षीदार राहील इतक्या अंतरावर.

चावी फिरवली.

काही नाही. मागून हूं नाही की चूं नाही.

पुन्हा फिरवली. पुन्हा काही नाही. हे "अरेरे" म्हणाले. पायात बूट असते तर शीळ आली असती.

मी खाली उतरले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा माझा आवाज चढला. मी म्हटलं, गाडीला कुणी कुणी हात लावलाय ते आत्ता सांगा. मला दोष शोधायचाय आणि तुमच्या तोंडावर काहीतरी लिहिलेलं मला तीन आठवडे दिसतंय.

 मग हे आत गेले आणि दाढीच्या सामानातून एक छोटा लाल फ्यूज घेऊन आले. महिनाभरापूर्वी काढला होता म्हणाले. गाडी बंद पडावी म्हणून काढला, पण तरी ती आठ दिवस चालतच होती. मेकॅनिकलाही यांनीच फुरसत काढू नकोस म्हणून सांगितलं होतं. का काढला विचारलं तर म्हणाले, असंच, उन्हाळ्यात फ्यूज तापतात. मी तो रिकाम्या खाचेत बसवला आणि तपासून बघितलं. तो हॉर्नचा होता. म्हणजे ते आठ दिवस यांनी अप्पांना नेमका हॉर्न काढून घेऊन रस्त्यावर सोडलं होतं. हे अंगणातल्या फरशीकडे बघायला लागले.

मग सासूबाई म्हणाल्या, पेट्रोल मी काढायला लावलं, गवत कापणाऱ्या माणसाच्या यंत्राला. दोनदा. कशाला? असंच, टाकीत राहून शिळं होतं.

ऑडिटर कुणी न विचारता म्हणाले की नळी त्यांची होती, फक्त नळी.

आता पेट्रोल होतं, फ्यूज होता. पुन्हा चावी फिरवली. हॉर्न वाजवून बघितला, तो खणखणीत वाजला. पंपाची गुणगुण नाहीच.

मी गाडीच्या दारासमोरच्या पायरीवर बसले. पुढचं मी कुणाला उद्देशून बोलले नाही. म्हटलं, मग माझ्याच हातून काहीतरी चुकलंय. बाकी कशात काही दोष उरला नाही. इस्त्री आणि मिक्सर उघडले म्हणून स्वतःला फार समजायला लागले होते. उद्या भंगारवाल्याला बोलवा. आणि हातातली पकड मी खोक्यात टाकली. बैठकीच्या खोलीतली मागची सीट, सीटखालचं झाकण, सगळं तसंच. मी उघडलेलं काही आयुष्यात पहिल्यांदा तसंच बंद होणार होतं.

 यांच्या चेहऱ्यावर सुटका होती आणि त्या सुटकेची लाज होती. हवं होतं ते सगळ्यांना मिळालं होतं.

अप्पा मोड्यावरून उठले. खिसा चाचपला. डबी काढली आणि उघडली. आत चष्मा नव्हता. आगपेटीएवढी एक काळी चौकोनी डबी होती, खाली चार पत्र्याचे पाय असलेली. मी व्हिडिओत ती बघितली होती. पंपाला वीज सोडणारा रिले.

"सरक जरा," ते म्हणाले.

दार धरून ते पुढच्या सीटवर बसले. फ्यूजच्या पेटीकडे बघितलं सुद्धा नाही. मान सरळ, नजर समोरच्या फाटकावर कुठेतरी. डावा हात खाली गेला, पेटीवरून दोन बोटं फिरली, ऑडिटरांच्या भविष्यातल्या तरतुदीपाशी थांबली. टक असा आवाज झाला.

"फिरव चावी."

मी त्यांच्या अंगावरून हात घालून चावी फिरवली. मागून गुणगुण आली. दोन क्षण, बारीक, एका सुरात. अप्पांनी मान हलवली. मग मी चावी पुढे फिरवली आणि इंजिन चालू झालं.

म्हणजे जुना पंपही ठणठणीत होता. तीन आठवडे मी एक चांगला पंप काढून त्या जागी दुसरा चांगला पंप बसवत होते, आणि शेजारी टॉर्च धरून बसलेल्या माणसाला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला रागवायचं होतं. पण त्यांनी आधीच माझं मनगट धरलं होतं.

"हा पंप पहिल्यापेक्षा चांगला बसलाय," ते म्हणाले. "आवाज ऐक. तुझ्या हातात काही दोष नाही, पोरी."

तोवर बाहेर सगळे एकदम बोलायला लागले होते. हे म्हणत होते की गवंड्याला उद्याच बोलावू, खांब परत पहिल्या जागी घेऊ, आता तोच आड येतोय. सासूबाई म्हणत होत्या की सकाळचं ऊन थेट तोंडावर येतं, त्यात कुणालाही त्रास होईल, तरण्याताठ्यालासुद्धा. ऑडिटर गाडीच्या विम्याचं काहीतरी सांगत होते. अप्पांनी सगळ्यांचं शांतपणे होऊ दिलं. मग इंजिन बंद केलं, चावी काढली, ती माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ मिटली.

"खांब होता तिथेच होता," अप्पा म्हणाले. "मला दिसत नाही."